मुंबई विमानतळावरून मीटरच्या टॅक्सीने शहरात: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातून किंवा दूरच्या राज्यातून येणारे अनेक नाशिककर आजही मुंबईलाच उतरतात. कोणाला परळच्या टाटा रुग्णालयात नातेवाइकांना भेटायचे असते, कोणाला मंत्रालयात काम असते, तर कोणाला दादर किंवा सीएसएमटीहून नाशिकची गाडी पकडायची असते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मी नेमका कोठे उतरणार आहे, हे आधी पाहायला हवे का?

होय, आणि हे तिकीट काढतानाच पाहावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची दोन टर्मिनल्स आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला आहे आणि टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला, सहारला आहे. देशांतर्गत विमाने दोन्हीकडे उतरतात, त्यामुळे ‘डोमेस्टिक म्हणजे टर्मिनल १’ हा जुना हिशेब आता चालत नाही. घ्यायला येणारा माणूस एका टर्मिनलवर आणि प्रवासी दुसऱ्यावर, असे घडले की रस्त्याने जाण्यातच बराच वेळ जातो. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. तो विमानतळ उलवे-पनवेलच्या बाजूला आहे आणि तेथून दादरचे अंतर व भाडे पूर्णपणे वेगळे पडते. खाली जे लिहिले आहे ते सहार-सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाबद्दल आहे.

मीटरची टॅक्सी ओळखायची कशी?

काळे अंग आणि पिवळे छप्पर असलेली टॅक्सी, म्हणजेच ‘काळी-पिवळी’, ही मीटरवर चालणारी साधी टॅक्सी होय. निळ्या आणि चंदेरी रंगाची ‘कूल कॅब’ हीसुद्धा मीटरवरच चालते, परंतु तिचा दर जास्त आहे. पांढऱ्या रंगाच्या टूरिस्ट गाड्या आणि मोबाइलवरून बोलावलेल्या गाड्या या वर्गात येत नाहीत. ज्येष्ठ मंडळी अजूनही प्रीमियर पद्मिनी शोधतात, म्हणून सांगायला हवे की त्या टॅक्सीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. आता काळ्या-पिवळ्या रंगात छोट्या, बहुतेक सीएनजीवर चालणाऱ्या मोटारी दिसतात.

टॅक्सीवाल्याला आधी ‘किती घेणार?’ असे विचारावे ना?

विचारू नये. या संपूर्ण पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे.

नाशिकमध्ये आपल्याला वेगळी सवय लागलेली आहे. सीबीएस बसस्थानकाहून नाशिकरोडला जायचे असेल तर आपण शेअर रिक्षात सीटच्या भाड्याने बसतो, आणि स्पेशल रिक्षा करायची असेल तर बसण्यापूर्वी भाडे ठरवतो. रिक्षात मीटर असले तरी त्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून ‘किती घेणार?’ हा प्रश्न आपल्या तोंडून आपोआप निघतो. मुंबईच्या विमानतळावर मात्र याच प्रश्नाने आपण आपला कायदेशीर हक्क स्वतःहून सोडून देतो. मुंबईत भाडे ठरवण्याचा अधिकार चालकाला नाही आणि प्रवाशालाही नाही. तो मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाचा आहे, आणि त्याने ठरवलेला दर मीटरमध्ये भरलेला असतो. ‘किती?’ असे विचारले की समोरच्याला दोन गोष्टी कळतात: हा माणूस बाहेरगावचा आहे आणि मीटरशिवाय जायला तयार आहे. मग दादरसाठी आठशे रुपये सांगितले जातात, घासाघीस होऊन सहाशेवर सौदा ठरतो आणि दोनशे रुपये वाचवल्याचे समाधान घेऊन प्रवासी मीटरच्या दुप्पट भाडे मोजतो.

त्याऐवजी फक्त ठिकाण सांगावे. ‘दादर स्टेशन, पूर्व बाजू’ एवढे म्हणावे, बसावे आणि गाडी सुरू होण्याच्या आत ‘दादा, मीटर टाका’ असे शांतपणे सांगावे. ‘मीटर बंद आहे’ किंवा ‘एअरपोर्टवरून मीटर चालत नाही’ असे उत्तर आले तर वाद न घालता उतरावे आणि पुढची टॅक्सी पाहावी. विमानतळावरून निघताना मीटर चालत नाही असा कोणताही नियम नाही.

भाडे साधारण किती होईल, याचा अंदाज आधी कसा बांधावा?

१ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आहे आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये पडतात. आता २०.६६ ला दीडने गुणून पाहा; उत्तर जवळजवळ ३१ येते. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात जास्तीचे काहीही लपलेले नाही आणि एकूण अंतराला सरळ २०.६६ ने गुणले तरी भाडे निघते. तोंडी हिशेबासाठी किलोमीटरला २१ रुपये धरावेत.

टर्मिनल २ ते दादर हे अंतर १४ किलोमीटर धरले तर मीटर सुमारे २८९ रुपये दाखवील. वांद्रे-कुर्ला संकुल ८ किलोमीटर धरले तर १६५ रुपये होतात. सीएसएमटी किंवा मंत्रालयाचा परिसर २५ किलोमीटर धरला तर ५१७ रुपयांच्या आसपास भाडे येते. प्रत्यक्षात यात थोडी भर पडते, कारण सिग्नलवर किंवा कोंडीत गाडी उभी राहिली की प्रतीक्षेचा आकारही मीटर मोजत असते. संध्याकाळच्या गर्दीत ही भर लक्षात येण्याजोगी असते. तरीही २९० च्या ठिकाणी ३४० झाले तर ते समजण्यासारखे आहे. ६०० झाले तर काहीतरी चुकते आहे, हे आपल्याला लगेच कळायला हवे.

विमानातून उतरण्यापूर्वीच मोबाइलच्या नकाशावर अंतर पाहून २१ ने गुणावे आणि तो आकडा लक्षात ठेवावा. हा आकडा चालकाला सांगण्यासाठी नाही. पुढच्या तासाभरात मनात शंका येत राहू नये म्हणून तो आपल्याजवळ असावा. कूल कॅबचे किमान भाडे याच दरवाढीनंतर ४८ रुपये झाले. दर पुन्हा बदलले तर प्रतिकिलोमीटर आकडा तेवढा बदलून घ्यावा. हिशेबाची पद्धत तीच राहते.

मीटर कसे वाचायचे?

पूर्वी टॅक्सीच्या डाव्या बाजूला बाहेर लोखंडी मीटर असायचे आणि चालक हात बाहेर काढून त्याची पट्टी खाली पाडायचा. ‘मीटर पाडा’ किंवा ‘मीटर डाऊन करा’ हे शब्द त्या काळापासून टिकून आहेत. आता इलेक्ट्रॉनिक मीटर आत, चालकासमोरच्या भागात बसवलेले असते. मागच्या सीटच्या डाव्या टोकाला बसले तर त्याचे चमकणारे आकडे स्पष्ट दिसतात. चालकाने बटण दाबले की रुपयांच्या जागी ३१ हा आकडा येतो आणि दीड किलोमीटर होईपर्यंत, गाडी फारशी थांबली नाही तर, तो तसाच राहतो. त्यानंतर तो थोडाथोडा वाढू लागतो. मीटरवर रुपयांबरोबर कापलेले अंतर आणि प्रतीक्षेची मिनिटेही दिसतात.

बसल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. आधीच्या प्रवाशाचे भाडे पुसून मीटर नव्याने सुरू झाले आहे का, सुरुवातीचा आकडा ३१ च आहे का, आणि दिवसा रात्रीचा दर तर लावलेला नाही ना. पुढे मीटरवरचे अंतर आणि मोबाइलच्या नकाशावरचे अंतर एखाद-दुसऱ्या वेळी ताडून पाहावे. दोन्हींत शंभर-दोनशे मीटरचा फरक असू शकतो. पाच किलोमीटरच्या रस्त्याला मीटर सात किलोमीटर दाखवत असेल तर ते तेज आहे असे समजावे, गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी.

दरवाढ झाली की सर्व मीटरमध्ये नवे दर भरून घ्यायला काही महिने लागतात. त्या काळात मीटर जुना आकडा दाखवते आणि चालक अधिकृत दरपत्रक पाहून नवे भाडे सांगतो. अशा वेळी मीटरपेक्षा जास्त पैसे मागणे ही लबाडी नसते. दरपत्रक हातात घेऊन डावीकडच्या रकान्यात मीटरचा आकडा शोधावा आणि त्यासमोर छापलेली रक्कम द्यावी.

रात्री उतरलो तर जास्त भाडे द्यावे लागते का?

मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत २५ टक्के जास्त भाडे घेण्याची मुभा आहे. सीएसएमटीचे दिवसाचे ५१७ रुपये तेव्हा सुमारे ६४६ होतात. रात्री ११ वाजता ‘नाइट चार्ज’ मागितला तर तो देण्याचे कारण नाही, आणि ‘रात्रीचे दुप्पट’ असा नियम कोठेही नाही.

प्रीपेड खिडकीवर पावती फाडावी की थेट टॅक्सी धरावी?

विमानतळावर प्रीपेड टॅक्सीची खिडकी असते. तेथे ठिकाण सांगून पैसे भरले की पावती मिळते. तिच्यावर ठिकाण, रक्कम आणि गाडीचा क्रमांक असतो. ही रक्कम मीटरच्या भाड्यापेक्षा बहुधा जास्त असते. तरीही मध्यरात्रीनंतर येणारे प्रवासी, एकट्या स्त्रिया, पहिल्यांदाच मुंबईला येणारे आणि वाद घालण्याची ताकद नसलेले ज्येष्ठ नागरिक यांनी प्रीपेडच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. थोड्या जास्त पैशांत रक्कम आधी कळते आणि गाडीची नोंद राहते. या दोन्ही गोष्टींचे मोल त्या वेळी अधिक असते. दिवसा, कमी सामानासह आणि रस्त्यांची थोडी माहिती असताना मात्र मीटर स्वस्त पडते.

प्रीपेडची पावती इच्छित ठिकाणी पोहोचेपर्यंत आपल्याजवळच ठेवावी. चालकाला त्याचे पैसे तिच्यावर मिळतात, त्यामुळे ती आधी दिली तर अर्ध्या वाटेत उतरवले गेल्यास आपल्या हातात काही राहत नाही.

आगमन कक्षात किंवा दाराबाहेर जो माणूस जवळ येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत बॅगेला हात घालतो, त्याच्यामागे जाऊ नये. तो बहुतेक वेळा टॅक्सीचालक नसून दलाल असतो आणि त्याची दलाली आपल्याच भाड्यात धरलेली असते.

दोन मोठ्या बॅगा आणि चार माणसे एका टॅक्सीत मावतील का?

माणसे मावतील, बॅगांचे सांगता येत नाही. सीएनजीची टाकी डिकीत बसवलेली असल्याने तेथे एखादी मध्यम बॅगही कशीबशी बसते. मोठ्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर ठेवाव्या लागतात. त्या दोरीने नीट बांधल्या आहेत का हे स्वतः हात लावून पाहावे, आणि पासपोर्ट, औषधे व दागिने असलेली पिशवी मांडीवरच ठेवावी. पावसाळ्यात चालकाजवळ ताडपत्री आहे का, हेही विचारून घ्यावे. मोठ्या सामानासाठी वेगळा आकार असतो आणि तो नगामागे ठरलेला असतो. चालकाने मनाने सांगितलेला आकडा न देता दरपत्रकात पाहून तेवढाच द्यावा.

सी-लिंकचा टोल कोणी भरायचा?

प्रवाशाने. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा मोटारीचा एका फेरीचा टोल १ एप्रिल २०२४ पासून १०० रुपये आहे आणि तो मीटरच्या भाड्याव्यतिरिक्त द्यावा लागतो. सेतूवरून पुढे सागरी किनारा मार्गाने मरीन ड्राइव्हला झटपट पोहोचता येते आणि त्या मार्गाला टोल नाही. नरिमन पॉइंट, चर्चगेट किंवा मंत्रालयाला जायचे असेल तर हा रस्ता वेळ वाचवतो. दादरला जाण्यासाठी मात्र सेतूची गरज नाही, म्हणून ‘सी-लिंकने नेऊ का?’ असे चालकाने विचारले तर उत्तर आपल्याजवळ तयार असावे. कोणत्या रस्त्याने जायचे हे बसल्यावर लगेच सांगितले की पुढे तक्रारीला जागा राहत नाही.

जवळचे भाडे म्हणून चालकाने नकार दिला तर काय करावे?

विमानतळावरच्या रांगेत चालक बराच वेळ उभा असतो आणि लांबचे भाडे मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. वांद्रे-कुर्ला संकुल किंवा अंधेरी म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. त्याची अडचण खरी आहे, हे मान्य करायला हवे. तरीही परवान्यावर चालणाऱ्या टॅक्सीने भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी ५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहून घेऊन जवळच्या वाहतूक पोलिसाला सांगावे. बहुतेक वेळा पोलिसाकडे पाऊल वळले की चालक दार उघडतो. धमकी किंवा दांडगाई झाली तर ११२ वर फोन करावा.

रिक्षाने गेलो तर स्वस्त पडेल ना?

उपनगरातच जायचे असेल तर नक्कीच. रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये आहे. पण रिक्षांना वांद्रे आणि सायनच्या पलीकडे मुंबई शहरात प्रवेश नाही. दादर, परळ, गिरगाव आणि सीएसएमटी हे सगळे त्या हद्दीच्या पलीकडे आहे.

मेट्रो सुरू झाल्यावर टॅक्सीची गरज उरली आहे का?

एका बॅगेचा प्रवासी असेल आणि दिवसाची वेळ असेल, तर मी मेट्रोच सुचवीन. मेट्रो ३ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली आहे. तिला विमानतळाच्या दोन्ही टर्मिनल्ससाठी स्थानके आहेत, आणि दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी व चर्चगेट ही स्थानके त्याच मार्गावर आहेत. पावसाने रस्ते तुंबलेले असताना तर तिच्याइतका भरवशाचा दुसरा मार्ग नाही. तीन-चार माणसे, जड सामान, गुडघेदुखी असलेले आई-वडील किंवा रात्री उशिराची वेळ असेल, तेव्हा टॅक्सीच योग्य ठरते. चौघांत वाटले तर दादरचे मीटरभाडे माणशी पाऊणशे रुपयांच्या आसपास येते.

नाशिकची गाडी पकडण्यासाठी दादरला जावे, सीएसएमटीला की ठाण्याला?

शहरात काही काम नसेल तर सीएसएमटीला जाणे म्हणजे उलट्या दिशेने २५ किलोमीटर जाऊन त्याच वाटेने परत येणे होय. दादर त्याहून बरे. टर्मिनल २ वरून ठाण्याचाही विचार करावा, कारण ठाणे नाशिकच्याच दिशेला आहे, काळी-पिवळी तेथे मीटरवर जाते आणि ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोलमाफी असल्याने मुलुंडला टोल लागत नाही. मात्र आपली गाडी ठाण्याला थांबते का, हे आधी पाहावे आणि आरक्षण सीएसएमटीहून असेल तर गाडीत चढण्याचे स्थानक वेळेत बदलून घ्यावे. नाहीतर जागा दुसऱ्याला दिली जाण्याची शक्यता असते. विमानाला उशीर होतो, सामान पट्ट्यावर यायला वेळ लागतो आणि पूर्व द्रुतगती मार्गावर कोंडी होते, हे तिन्ही धरूनच संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसचे गणित मांडावे. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये, असा माझा आग्रह आहे.

तीच काळी-पिवळी थेट नाशिकपर्यंत मीटरवर नेता येईल का?

नाही. मीटरचा दर मुंबई महानगर प्रदेशातील प्रवासासाठी आहे. नाशिकसाठी टूरिस्ट गाडी ठरवावी, किंवा दादरहून सुटणारी नाशिकची शेअर टॅक्सी, एसटी अथवा रेल्वे यांतून निवड करावी.

ओझरला उतरलो तर हेच नियम लागू पडतात का?

नाशिकचा विमानतळ ओझरजवळ, दिंडोरी तालुक्यातील जानोरीच्या हद्दीत, शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तेथून दहावा मैल, आडगावमार्गे मुंबई-आग्रा महामार्गाने पंचवटी, द्वारका असा शहरात प्रवेश होतो. तेथे काळ्या-पिवळ्या टॅक्सींची रांग नसते. गाड्या सहसा ठरवलेल्या भाड्याने येतात. म्हणून येथे सल्ला नेमका उलटा आहे: गाडीत सामान ठेवण्यापूर्वी रक्कम विचारावी, ती कॉलेज रोडपर्यंतची आहे की नाशिकरोडपर्यंतची हे स्पष्ट करून घ्यावे, आणि शक्य असल्यास विमान सुटण्यापूर्वीच गाडी सांगून ठेवावी.

आई-वडील एकटेच येणार आहेत. त्यांना काय सांगून ठेवावे?

प्रीपेड खिडकीवरच जायला सांगावे. जायच्या ठिकाणाचा पत्ता मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावा, त्यात जवळची ठळक खूणही लिहावी, कारण मुंबईत इमारतीच्या नावापेक्षा नाका किंवा सिनेमागृह सांगितलेले लवकर समजते. टॅक्सीत बसल्यावर पावतीचा फोटो त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकावा. तेवढे जमत नसेल तर फोन करून चालकाच्या समोरच गाडीचा क्रमांक मोठ्याने वाचून दाखवावा.

पैसे रोख द्यावेत की मोबाइलवरून?

बहुतेक चालक आता यूपीआय घेतात, पण सर्वच घेतात असे नाही. बसतानाच विचारावे आणि शंभर-पन्नासच्या काही नोटा जवळ ठेवाव्यात.

टॅक्सीत सामान राहिले तर ते परत मिळते का?

गाडीचा क्रमांक माहीत असेल तर मिळण्याची चांगली शक्यता असते, कारण क्रमांकावरून परवानाधारकापर्यंत पोहोचता येते. प्रीपेडची पावती असेल तर त्याच खिडकीवर आधी फोन करावा. नसेल तर जेथे उतरलो त्या भागातील पोलीस ठाण्यात लगेच नोंद करावी आणि चढण्याची व उतरण्याची अचूक वेळ सांगावी, म्हणजे विमानतळावरचे व रस्त्यावरचे सीसीटीव्ही चित्रण तपासता येते. पासपोर्ट राहिला असेल तर नाशिकला परतण्याची घाई न करता मुंबईतच ही नोंद करून तिची प्रत घ्यावी. नव्या पासपोर्टच्या अर्जाला ती लागते.